लाल पेनाची चूक

पस्तीस वर्षं मी छापखान्यात मुद्रितं तपासली. लोकांच्या चुका काढून पोट भरलं म्हणा ना! निवृत्त झालो, पण खिशातलं लाल पेन काही सुटलं नाही. किराण्याची यादीसुद्धा माझ्या तावडीतून सुटत नाही.

त्या दिवशी सून कामावर जाताना फ्रीजवर एक कागद चिकटवून गेली. माझी चार वर्षांची नात ठमी आठ दिवस हॉस्पिटलात राहून नुकतीच घरी आली होती. मुलगा परगावी नोकरीला, त्यामुळे आज ती पहिल्यांदाच एकट्या माझ्याजवळ राहणार होती.

कागदावर लिहिलं होतं : ‘आजार – हायपरइन्सुलिनिझम. अंगात इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त. दर तीन तासांनी ग्लुकोजचं पाणी. रक्तातली साखर सत्तरच्या खाली गेली तर ताबडतोब साखर द्यायची.’

मला हसूच आलं. म्हणजे आता ही मला इन्सुलिन शिकवणार! वीस वर्षं मी रोज दोनदा पोटात टोचून घेतोय. इन्सुलिनचा आजार म्हणजे मधुमेह, आणि पोरीनं तो माझ्याकडूनच उचलला, याचं मला आतून फार वाईट वाटत होतं. अशा पोरीला साखर? सुनेनं तोंडीही दोनदा समजावलं होतं, पण माझा ऐकण्यापेक्षा वाचण्यावर भरवसा, आणि वाचण्यापेक्षा दुरुस्त करण्यावर. मी पेन काढलं. ‘जास्त’ खोडून ‘कमी’ केलं, ‘ग्लुकोजचं’ खोडून ‘साधं’ केलं. शेवटच्या ओळीवर सरळ रेघ मारली. ग्लुकोजचा डबा समोरच्या शिंपीणबाईंना देऊन टाकला.

दहा वाजता ठमी म्हणाली, “आजोबा, गोड पाणी.”

“गोड प्यालं की मग सुया टोचून घ्याव्या लागतात, ठमे. हे घे साधं.”

साडेअकराला मी तिच्या बोटातून थेंबभर रक्त काढून साखर तपासली. अठ्ठावन्न! माझ्या वहीत दोनशेच्या खालचा आकडा म्हणजे सणच. “शाबास, पोरी!” मी म्हणालो. ती हसली नाही. बाहुली हातातून सोडून तिथेच फरशीवर कलंडली. मला वाटलं, झोप आली असेल. उचलायला गेलो तर मान घामानं भिजलेली, आणि डोक्यावर पंखा गरगरत होता.

त्या थंडगार घामाची माझी ओळख होती. एकदा मी इंजेक्शन घेतल्याचं विसरून पुन्हा टोचून घेतलं होतं. हात थरथरायला लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली. बायकोनं हिरड्यांना साखर चोळली म्हणून वाचलो. डॉक्टर तेव्हा म्हणाले होते, “इन्सुलिन जास्त झालं, म्हणून साखर पडली.”

जास्त. मी फ्रीजकडे पाहिलं. माझ्या लाल रेघेखाली तो शब्द स्पष्ट दिसत होता. माझ्या हातून एकदा चुकून झालं, ते या एवढ्याशा जिवाचं शरीर रोज आपणहून करत होतं. आणि मी तिची साखर तोडली होती.

मी सुनेला फोन लावला. “ठमी डोळे उघडत नाहीये. डबा मी देऊन टाकला.”

ती एकेक शब्द तोडत म्हणाली, “बाबा, बेसिनवरच्या कपाटात निळी ट्यूब आहे. ग्लुकोजची जेल. तिला कुशीवर वळवा आणि गालाच्या आत थोडी थोडी चोळा. मी ॲम्ब्युलन्स पाठवते.”

ती ट्यूब मला टूथपेस्ट वाटली होती, म्हणूनच माझ्या तावडीतून वाचली. झाकण निघेना. दातांनी उपटलं. बोटावर जेल घेऊन गालाच्या आत चोळत राहिलो. “ठमे, ए ठमे, ऊठ गं.” ओठ पांढरे पडले होते. मला रडू फुटलं. पुन्हा चोळलं. किती वेळ गेला कोण जाणे, आणि मग तिची जीभ हलली. तिनं माझं बोट चाटलं.

ॲम्ब्युलन्सवाले आले तेव्हा ती कुरकुरत होती. रात्रभर हॉस्पिटलात ठेवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घरी सोडलं.

घरात आल्या आल्या सून फ्रीजसमोर उभी राहिली. लाल रेघा तिला आत्ता दिसल्या. आता माझी धडगत नाही, असं वाटलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. “बाबा,” ती हळूच म्हणाली, “शंका आली तर एक फोन करायचा होता ना?” आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

मी पेन काढलं आणि खोडलेल्या प्रत्येक शब्दाखाली टिंबं देत गेलो.

“हे काय?”

“आमच्या कामातली खूण. खोडणाऱ्याचं चुकलं, मूळचंच बरोबर, तसंच राहू द्या.” पस्तीस वर्षांत ही खूण स्वतःच्या दुरुस्तीखाली मी कधी केली नव्हती. टिंबं वाकडीतिकडी पडली.

तिनं कागद वरपासून खालपर्यंत वाचला. माझ्या हातातलं पेन काढून घेऊन स्वतःच्या पर्समध्ये टाकलं. मग शिंपीणबाईंकडून परत आणलेला डबा उघडला, पेल्यात ग्लुकोजचं पाणी कालवलं आणि तो पेला माझ्या हातात दिला.

“तीन वाजले,” ती म्हणाली. “पाजा तिला.”