तोतारामआबांचा रोजचा शब्द

मी एक जुना फळा आहे, मित्रांनो. जळगावच्या एका डाळमिलच्या गेटवर दोन खिळ्यांना टांगलेला. माझ्यासारखे जुने जिन्नस आपली कहाणी पाल्हाळ लावून सांगतात, पण आज मला तेवढा दम नाही. परवा जे पाहिले ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

जन्म माझा धुळ्याचा. एका सुताराने सागाच्या फळ्या जोडून मला घडवले आणि जुन्या सेलमधली काळी पूड रंगात कालवून माझ्यावर तीन हात फिरवले. तिथून मी पिंपळनेरजवळच्या एका शाळेत गेलो. बावीस वर्षे बाराखडी, पाढे, नद्यांचे नकाशे, सगळे अंगावर घेतले. ‘या फळ्यावर अक्षर उठून दिसते,’ असे मास्तर पाहुण्यांना सांगायचे, आणि मी मनातल्या मनात फुगायचो. मग वर्गात चकचकीत पडदा आला. कानामागून आला आणि तिखट झाला. मला व्हरांड्यात सायकलींच्या मागे उभे केले, ते पाच पावसाळे तसेच. शेवटी शाळेचे भंगार निघाले, त्यात मीही निघालो, आणि या मिलच्या मॅनेजरने मला ‘आजचा सुविचार’ लिहायला उचलून आणले.

सुविचार लिहायचे काम गेटवरच्या वॉचमनकडे आले. ते तोतारामआबा. वय साठीच्या पुढे, शिक्षण दहावी, अक्षर मात्र मोत्यासारखे. त्यांच्या पत्नी मंजुळाबाई यांनी याच मिलमध्ये तीस वर्षे डाळ निवडली. दिवसभर डोक्याशी यंत्रांचा खडखडाट. त्यात त्यांचा उजवा कान कधीच गेला, आणि आता डावाही मंद होत चालला होता. तरी रोज एकच्या ठोक्याला त्या आबांचा डबा घेऊन गेटवर यायच्या.

त्यांचा एकुलता एक मुलगा प्रेमराज अमेरिकेत. त्याची मुलगी मेघा आठ वर्षांची, तिथेच जन्मलेली, तिला इंग्रजीशिवाय काही येत नाही. दर रविवारी संध्याकाळी सातला आबा फोन माझ्या खालच्या पट्टीवर, खडूशेजारी, टेकवून ठेवायचे आणि दोघे म्हातारे समोर बसायचे. पोर हात हलवायची. हे हात हलवायचे. मग पोर कंटाळून उठून जायची.

एका रविवारी फोन बंद झाल्यावर मंजुळाबाई म्हणाल्या, “तिना तोंडतीन एकदाव ‘आजी’ ऐकू द्या माले. मंग कान ग्यात तरी चाली.”

त्या रात्री आबा जेवले नाहीत, असे दुसऱ्या दिवशी मंजुळाबाईच तक्रार करत होत्या.

मिलच्या वजनकाट्यावर रुपचंद नावाचा कारकून आहे. जीव चांगला, पण उंटावरचा शहाणा. तो म्हणाला, “आबा, पोर मराठी शिकत नाही ना? मग तुम्ही इंग्रजी शिका. रोज एक शब्द. वरसात तीनशे पासष्ट. कोण अडवतं?” आणि बसस्टँडवरून त्याने पुस्तक आणून दिले, तेही सगळ्यात अवघड. दुकानदाराने सोपे पुढे केले तर हा म्हणाला म्हणे, “अमेरिकेतल्या पोरीशी बोलायचं शे भाऊ, तिथं साधे शब्द कोण बोलतं?”

मी शाळेतला फळा. मला विचारले असते तर मी सांगितले असते की आधी अ, आ, इ. पण फळ्याला कोण विचारतो?

झाले. सुविचार बंद आणि रोज सकाळी सातला माझ्यावर एक शब्द. मेटिक्युलस, म्हणजे काटेकोर. मॅग्नॅनिमस, म्हणजे मोठ्या मनाचा. इन्डिफॅटिगेबल, म्हणजे न थकणारा. या शेवटच्याला तर आबांनी तीनदा पुसून लिहिले. गेटवर मोठी मजा सुरू झाली. ट्रकवाले काट्यावर गाडी लावायच्या आधी विचारायचे, “आबा, आज काय शे?” अर्धा घोट जास्त ओतणारा चहावाला मॅग्नॅनिमस झाला. धनसिंग हमाल पाठीवर पोते घेऊन जाताना ओरडायचा, “मी इन्डिफॅटिगेबल!” आणि पोते टाकून तिथेच बसायचा. मित्रांनो, शाळा सुटल्यापासून इतक्या माणसांनी मला वाचले नव्हते. मी सुखावलो. तो माझा मूर्खपणा.

कारण रविवारी काय व्हायचे? आबा मान ताठ करून म्हणायचे, “मेघा, यू आर मॅग्नॅनिमस.” पोर बापाकडे बघायची. मग भराभर काहीतरी बोलायची, आणि त्यातले एक अक्षर आबांना कळायचे नाही. दीड वर्षात चारशेवर शब्द पाठ झाले, पण ‘जेवलीस का’ एवढे विचारता येत नव्हते. नाकापेक्षा मोती जड झाला होता.

एप्रिलमधला रविवार. मेघा दोन मिनिटे बसली, मग बापाकडे वळून एक वाक्य बोलली आणि निघून गेली. प्रेमराज म्हणाला, “अभ्यास आहे तिला, आबा. पुढच्या रविवारी बोलू.”

पण त्या वाक्यातला एक शब्द आबांना कळला होता. ऑकवर्ड. फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी तो माझ्यावर होता: ऑकवर्ड, म्हणजे अवघडल्यासारखे वाटणे. नातीच्या तोंडचा, दीड वर्षात कळलेला हा पहिला शब्द. आबांचा चेहरा कसा झाला ते मी सांगू शकत नाही.

“काय म्हनी पोर?” मंजुळाबाईंनी विचारले.

“तिले अभ्यास शे,” आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून मी कोरा. तीन आठवडे कोरा. धनसिंगने विचारले, ट्रकवाल्यांनी विचारले, आबा नुसते गेट उघडत आणि लावत राहिले. त्यातच डॉक्टरांनी सांगितले की डावा कानही जाणार, दोन-तीन महिने धरा. कानात घालायचे यंत्र लावून पाहिले, तर त्यात नुसती घरघर. मंजुळाबाईंनी ते काढून आबांच्या हातात दिले.

त्या दिवसापासून आबांनी एक वेडा चाळा सुरू केला. बाई डबा उघडत असल्या की पाठीमागे उभे राहून हळूच हाक मारायची, “मंजुळा.” आधी आठ पावलांवरून ऐकू जायचे. पुढच्या आठवड्यात पाच. मग तीन. मी पाहत होतो, मित्रांनो, आणि मला काही करता येत नव्हते.

एका दुपारी त्यांनी पाठ होते तेवढे सगळे शब्द माझ्यावर लिहून काढले. कडेपर्यंत, कोपऱ्यापर्यंत. त्यातून एक वाक्य जोडायचे होते: तुझ्या आजीला हाक मार, तिचे कान चालले आहेत. जुळेना. शब्दांची रास होती, बांधायला दोरी नव्हती. आबांनी सदऱ्याच्या बाहीने मला पुसले, आणि पुसता पुसता ते माझ्यावर डोके टेकून उभे राहिले. मला माझी लाज वाटली. इतकी वर्षे मी मुलांना शब्द दिले आणि या माणसाला लागणारा एक शब्द माझ्याकडे नव्हता.

मग त्यांनी खडू उचलला आणि ठळक अक्षरांत लिहिले: आजी. फोटो काढला. फोनमध्ये सावकाश बोलले, “आ-जी.” दोन्ही प्रेमराजला पाठवले आणि खाली लिहिले, ‘मेघाला दाखव. आता मी रोज आपला एक शब्द पाठवतो.’

दुसऱ्या दिवशी आजीच्या खाली भाकर. मग पाणी. मग चांदणी, वांगं, झोका. वरचा ‘आजी’ कधी पुसला नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन निळ्या खुणा यायच्या, म्हणजे तिकडे पाहिले होते. उत्तर यायचे नाही. रविवारी मेघाचा पोहण्याचा वर्ग असायचा, म्हणून फोनही व्हायचा नाही. रुपचंद म्हणाला, “आबा, स्पष्ट विचारा ना प्रेमराजला.”

“कामाचा माणूस तो. किती मागं लागायचं?” आबा म्हणाले, आणि सदुसष्टाव्या दिवशी सदुसष्टावा शब्द पाठवला.

परवा सकाळी आबा ड्युटीवर आले ते जवळजवळ धावतच. प्रेमराजचा निरोप होता: ‘आबा, कामाच्या गडबडीत राहून गेलं. काल रात्री तिला सगळे शब्द एकदम दाखवले. तिला फार आवडले. ऐका.’ आणि खाली दोन सेकंदांचा आवाज. बाई येईपर्यंत ऐकायचा नाही असे आबांनी ठरवले होते, पण तीनदा ऐकलाच. मीही ऐकला. “आझी,” असे काहीसे. गोड होते.

मंजुळाबाई एकला आल्या. रुपचंद आत पळत गेला आणि त्याने कुणालाही न विचारता यंत्रे बंद करायला लावली. सगळी मिल गप्प झाली. हमाल दारात येऊन उभे राहिले. आबांनी आवाज पूर्ण वाढवून फोन बाईंच्या डाव्या, थोडाफार उरलेल्या कानाला लावला. वाजले. त्या आबांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. पुन्हा लावले. पुन्हा.

“काय शे?” बाईंनी विचारले.

आबांनी तोंड त्यांच्या कानाशी नेले आणि जिवाच्या आकांताने सांगितले, “आजी म्हनी ती तुले! आजी!”

काट्यापर्यंत सगळ्यांना ऐकू गेले. मंजुळाबाईंनी आबांच्या ओठांकडे पाहिले आणि मग डोळ्यांकडे. फोन स्वतःच्या हातात घेतला, कानाला लावला, थोडा वेळ मान हलवत राहिल्या आणि म्हणाल्या, “हां. ऐकू ऊनं माले.” ऐकू आले म्हणे त्यांना.

फोन त्यांनी उजव्या कानाला लावला होता.

आबांनी ते पाहिले. त्यांनी फक्त डब्याचे झाकण उघडले आणि दोघे जेवायला बसले. मिल सुरू झाली.

मित्रांनो, जुने जिन्नस शेवटी स्वतःसाठी काही मागतात. मला रंगाचा हात नको, छप्पर नको. पण तुमच्या घरातल्या एखाद्या फोनमध्ये कुणा म्हाताऱ्याचा निरोप उघडून, पाहून, तसाच पडला असेल, तर मला इथेच सोडा आणि आधी त्यांना हाक मारा. घरातल्या मोठ्यांनी दाखवायचा राहून गेला असेल तर तुम्ही मागून घ्या. चुकीचा उच्चार चालेल. मी वाट पाहू शकतो, मला सवय आहे. त्यांच्याकडे तेवढे दिवस नाहीत.