कडेचा माणूस

टेकडीवरच्या कॉलेजशी सामना असला की त्या आठवड्यात मी सरावातून चेंडूच काढून टाकतो. बचावातली पोरं दरवर्षी कुरकुरतात, "कोच, चेंडूशिवाय कसला फुटबॉल?" मी म्हणतो, "शिट्टी वाजली की पाय चालवा, तोंड नको." तीन वाटांचा तो जुनाट डाव अमेरिकेत, आमच्या दक्षिण जॉर्जियात, आता तेवढेच खेळतात, पण डोकं उठवायला ते एकटे पुरेसे आहेत.

आमचा फुटबॉल चेंडू हातात घेऊन पळायचा, आणि हा डाव दिसायला साधा. त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा गडी, चेंडू घेतो. मग एकतर मधून मुसंडी मारणाऱ्या आडदांड गड्याच्या पोटाशी तो खुपसतो, नाहीतर स्वतःच काखोटीला मारून पळतो, नाहीतर पळता पळता कडेने येणाऱ्या गड्याकडे भिरकावतो. तिन्हीतलं काय करायचं, ते तो आमच्या पोरांकडे बघून आयत्या वेळी ठरवतो. आमचा जो कोणी जागा सोडेल, त्याच्याच बाजूने चेंडू पसार. म्हणून मी एकेकाला एकेक माणूस वाटून देतो. त्याच्याकडे चेंडू असो वा नसो, त्याला सोडायचं नाही. सरावात चेंडूच नसला की पोरं चेंडूमागे धावत नाहीत. एवढंच माझं शास्त्र.

कडेचा माणूस मी कॉर्डेलला दिला. संघातला सगळ्यात वेगवान पोरगा, आणि गुणी. सराव संपल्यावर तो माझ्यापाशी घुटमळायला लागला.

"काय रे? घरी जायचं नाही का?"

"कोच, हॉलिसला दिलेला क्वार्टरबॅक मला द्या ना. हॉलिसला कडेचा द्या."

"का? काय झालं?"

"शनिवारी आई येतेय."

त्याची आई अर्नेटा कोंबड्यांच्या कारखान्यात कामाला. शनिवारची पाळी तिला कधी चुकलेली नाही आणि आमचे सामने नेमके शनिवारी. इतक्या वर्षांत तिने लेकाला एकदाही खेळताना पाहिलं नव्हतं. घरच्या मैदानावरचा हा त्याचा शेवटचा सामना, म्हणून तिने पाळी बदलून घेतली होती.

"कडेचा माणूस मी नीट धरला, तर चेंडू तिकडे येणारच नाही," कॉर्डेल म्हणाला. "म्हणजे मी दिवसभर नुसता पळणार. तिला काय दिसणार, कोच?"

खरं सांगतो, मला भडभडून आलं. पण त्याच्याइतकं वेगवान माझ्याकडे दुसरं होतं कोण? "हॉलिसचे पाय म्हणजे ओंडके. त्याला कडेला लावलं तर आपण मेलोच," मी म्हणालो.

"हो सर," म्हणाला आणि मान खाली घालून गेला. उलट बोलला असता तर बरं वाटलं असतं.

शनिवारी अर्नेटाबाई आली. तिचा आवाज काय विचारता! बँडच्या वरताण. "धर त्याला, कॉर्डेल! सोडू नकोस!" कुणाला धरायचं हे तिला ठाऊक नव्हतं, पण हुकूम चालू होते. पहिल्या सत्रात क्वार्टरबॅक चेंडू घेऊन कडेला वळला आणि आमचं हे ध्यान आपला माणूस सोडून त्याच्यावर धावलं. चेंडू अलगद त्याच्या डोक्यावरून गेला. त्यांचा कडेचा गडी, ट्रेमेन, तो झेलून जो सुटला तो आमच्या गोलरेषेपाशीच जाऊन पडला. नशीब थोर, रेषा काही त्यांना ओलांडता आली नाही; चेंडू लाथेने खांबांमधून मारून मिळतात त्या तीन गुणांवर भागवावं लागलं.

मध्यंतरात मी कॉर्डेलला कोपऱ्यात घेतलं. "आई बघतेय म्हणून ना?"

"हो सर."

"गाढवा, परत असं केलंस तर बाकावर बसवीन. मग पळतानासुद्धा दिसणार नाहीस तिला."

त्यानंतर तो ट्रेमेनला असा चिकटला की विचारू नका. क्वार्टरबॅक कडेला बघायचा, कॉर्डेल तिथे उभा. मग चेंडू स्वतःपाशीच ठेवायचा आणि हॉलिस त्याला आडवा करायचा. भोंग्यावर दर वेळी हॉलिसचं नाव. अर्नेटाबाईचा आवाज हळूहळू बसत गेला. मागे वळून तिच्याकडे बघायची माझी छाती झाली नाही.

शेवटचा डाव आला. आम्ही जेमतेम पुढे, आणि ते आमच्या रेषेला टेकलेले. क्वार्टरबॅक कॉर्डेलच्या बाजूला वळला, इतका जवळ, की हात लांबवला असता तर सापडला असता. कॉर्डेलचा खांदा आत वळलेला मी पाहिला. मेलो, म्हटलं. पण पोरगं सावरलं आणि ट्रेमेनबरोबर बाहेर पळालं. क्वार्टरबॅकला चेंडू द्यायला कुणी उरलंच नाही. हॉलिसने त्याला लोळवलं, आम्ही जिंकलो, आणि सगळ्यांनी हॉलिसला डोक्यावर घेतलं.

नंतर माझ्या ट्रकच्या मागच्या फळीवर आम्ही उकडलेल्या शेंगा खात बसलो. अर्नेटाबाई शेंग सोलता सोलता माझ्याकडे वळली.

"कोच, राग मानू नका," ती म्हणाली, "पण माझ्या लेकाचं काही चुकलं होतं का? त्याला असं बाजूला का ठेवलंत?"

"आई, गप ना," कॉर्डेल पुटपुटला.

मी शेंगांची टरफलं मांडून समजवायला लागलो. ती हो हो करत होती, पण तिला ते पटत नव्हतं. तेवढ्यात ट्रेमेन आला, मळलेल्या गणवेशातच, कॉर्डेलशी हात मिळवायला.

"वाटोळं केलंस लेका माझं," तो म्हणाला. "माझी आई दवाखान्यातली पाळी संपवून दुसऱ्या सत्रात पोचली. पहिल्यांदाच आली होती. तिच्यासमोर मी नुसता इकडून तिकडे पळतोय! मघाशी विचारते, तुला चेंडू का देत नाहीत रे? कुणाशी भांडलास का?"

तो हसत होता, पण डोळे काही हसत नव्हते. अर्नेटाबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिने लेकाकडे पाहिलं.

"हे तू केलंस?"

"हो, आई."

तिने त्याचं घामेजलेलं डोकं ओढून छातीशी धरलं. ते धरूनच ट्रेमेनला म्हणाली, "कुठाय रे तुझी आई?"

"तिकडे, बसपाशी."

"जा, घेऊन ये तिला. तुला चेंडू का मिळाला नाही, ते मी सांगते तिला."

आणि फळीवर जागा करायला ती सरकून बसली.