धुळीकडची जागा

सोनगीरजवळच्या जिनिंगमध्ये पितांबर चौदा वर्षं मुकादम होता. कापसाच्या ढिगाभोवती बायकांना बसवायचं, त्यांच्याकडून किडका, डागाळलेला कवडी कापूस आणि पाला वेचून घ्यायचा, शिट्टी वाजवायची आणि ओरडायचं. आपल्या धाकावर काम चालतं याबद्दल त्याला कधी शंका आली नव्हती.

पोळ्याला त्याची बायको कुंदाबाई छातीच्या दुखण्याने गेली. तीही त्याच ढिगावर वेचणीला होती. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला आणि काम निम्म्यावर आलं. पितांबरने शिव्या वाढवल्या. बायकांनी माना खाली घालून हात आणखी सावकाश केले. हा सगळा त्यांच्यातल्या सुनंदाबाईचा डाव आहे, असं त्याने मनाशी पक्कं केलं.

मॅनेजर रतिलालशेठ तेव्हा पुण्याहून तीन दिवसांचं शिबिर करून आले होते. येताना त्यांनी एक तक्ता आणला. हुकूमशाही, लोकशाही, मोकळीक देणारा, असे पुढाऱ्यांचे प्रकार त्यात होते. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी बायकांना शेडमध्ये बसवलं, फळा उभा केला आणि पितांबरच्या देखत विचारलं, मुकादम तुमचं ऐकून घेतो का? सोमवारपासून मुकादम कोण, ते तुमच्या उत्तरावर ठरणार, असंही सांगून टाकलं.

मग सुनंदाबाईने तोंडातला घास गिळला.

"कोणता मुकादम, शेठ? पोळाले गयी ती, का हाऊ?" तिने पितांबरकडे बोट केलं.

बायका हसल्या. पितांबर उठला. कुंदा साधी वेचणारी होती, तिचं नाव मध्ये आणायचं नाही, असं तो दातओठ खात म्हणाला.

सुनंदाबाईने त्याच्याकडे न बघता सगळं मॅनेजरला सांगितलं. कुंदाक्का सकाळी फाटकाशी एकेकीची विचारपूस करायची. अंगावर पाजणारी दाराजवळ, म्हातारी भिंतीला टेकून. यशोदाबाईला दमा, म्हणून मशीनजवळच्या धुळीत कुंदाक्का स्वतः. पितांबरभाऊ शिट्टी मारून ऑफिसात गेले की तिच्या सांगण्यावरून सगळ्या जागा बदलायच्या.

"आते भाऊ यशोदाले धुळमा बसाडतस," ती म्हणाली. "एक तठेच बसी बसी मरी गयी."

रतिलालशेठना आनंदच झाला. शिबिरात हेच शिकवलं, म्हणत त्यांनी फळ्यावर 'अनौपचारिक नेतृत्व' असं लिहिलं आणि खाली कुंदाबाईचं नाव. पितांबरने पुढे होऊन तळहाताने नाव पुसलं.

"तिचं नाव लिहू नका," एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो लवकर येऊन फाटकाशी उभा राहिला. यशोदाबाई आली तेव्हा त्याने दमा कसा आहे म्हणून विचारलं. सवय नव्हती, त्यामुळे ते दरडावल्यासारखंच निघालं.

"तुम्हले काय करणं शे?" ती म्हणाली आणि मुद्दाम मशीनजवळ जाऊन बसली.

त्याने तिला ऊठ म्हटलं. ती उठली नाही. पुन्हा ओरडायला त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. सोमवारला अजून चार दिवस होते. त्याने गळ्यातली शिट्टी काढून सुनंदाबाईसमोर धरली.

तिने ती घेतली, पदराला पुसली, पण वाजवली नाही. "यशोदा, ऊठ," एवढंच म्हणाली. यशोदाबाई उठून दाराकडे गेली.

पितांबर त्या रिकाम्या जागेवर बसला आणि वेचू लागला. शेजारच्या दोघी लांब सरकल्या. दुपारपर्यंत त्याच्याशी कोणी बोललं नाही. मग सुनंदाबाई मागून आली, त्याच्या टोपलीत वाकून बघितलं, "पाला राही जास, भाऊ," म्हणाली आणि पुढे गेली.