टिटवीच्या काठ्या

आयसेल नदीच्या काठाला चढ म्हणावा असा एकच, तो म्हणजे बांध, आणि तोही माणसांनी घातलेला. अशा मुलखात माऊंटन बायकिंगचा क्लब असावा याला बाहेरचे लोक हसत. क्लबातले लोक मात्र रूलीला हसत. त्यांची वाट पलीकडच्या जंगलातून, वाळूच्या टेकाडांवरून जायची. रूलीने आखलेली वाट नदीकाठच्या कुरणांतून अठरा किलोमीटर जाऊन परत यायची, आणि तिच्यात एकही चढ नव्हता.

“पॅनकेकची वाट!” क्लबचा अध्यक्ष लुबर्ट म्हणायचा. “रूली, तुझ्या वाटेवर कुणाला गिअर बदलायला लागला तर कळव हं, पेपरात छापून आणू.”

रूली हसण्यावारी न्यायची. थोरली फेना पोटात असताना सुईणबाईंनी जंगलातली सायकल बंद करायला लावली, तेव्हा तिला ही वाट सुचली होती. पुढे फेना झाली, तिला मागच्या छोट्या गाडीत बसवून रूली याच वाटेने फिरली, आणि हळूहळू तिच्यामागे इतर बायकाही येऊ लागल्या. जाड चाकांच्या सायकलीला हात लावायला घाबरणाऱ्या, गुडघे दुखणाऱ्या, नुकत्याच बाळंत झालेल्या. चिखल उडाला की त्या शाळकरी मुलींसारख्या ओरडत.

वाट सात शेतकऱ्यांच्या जमिनींतून जायची, आणि सातांपैकी एकाशीही कागद केलेला नव्हता. स्वयंपाकघरात टेबलाशी बसायचं, कॉफी घ्यायची, डब्यातलं एकच बिस्किट उचलायचं, गायींची चौकशी करायची, आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेला वाटेचा विषय काढायचा. सहाजण लवकर हो म्हणाले. मेन्सिंकबाईंनी पाच महिने लावले. त्यांचं कुरण नेमकं मधोमध; ते नसलं तर वाटेचे दोन तुकडे, ना इकडे पोचणारे ना तिकडे.

“मार्चपासून जूनच्या मध्यापर्यंत फाटक बंद,” शेवटी त्या म्हणाल्या. “टिटव्या अंड्यांवर असतात. तेवढे दिवस तुमच्या सायकली बांधावरच्या डांबरी रस्त्यानं. आणि घरटी शोधायला तू यायचंस. माझे डोळे अधू झालेत आता.”

चार वसंत रूली गेली, आधी फेनाला पाठीशी बांधून, मग धाकट्या सीमला. गवतात घरटं सापडलं की कापणीचं यंत्र ज्या दिशेने जाणार त्या दिशेने त्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक अशी बांबूची काठी रोवायची. गवत कापणाऱ्याला दोन काठ्या दिसल्या की तो मधल्या जागेत यंत्र उचलून धरतो. रूली काठ्या रोवायची, मेन्सिंकबाई फेनाचं नाक पुसायच्या आणि म्हणायच्या, “हिला बघ, हिला तुझ्या आधी दिसतं.”

यंदा पहिल्यांदाच क्लबाने वसंतातली फेरी रूलीच्या वाटेवर ठेवली. एप्रिलचा दुसरा रविवार, एकशे चाळीस नावं. फेरी जूननंतर घ्या, असं रूलीने म्हणून पाहिलं, पण तारीख ठरून गेली होती. मग तिने नकाशात कुरण वगळून बांधावरचा रस्ता लाल शाईने काढून दिला. शनिवारी बाण लावायला तीच जाणार होती, पण सीमचा कान ठणकायला लागला, ताप साडेएकोणचाळीस.

“तू लेकराकडे बघ,” लुबर्ट फोनवर म्हणाला. “बाण काय, मला लावता येत नाहीत?”

“फाटक बंदच ठेव हं. बांधावरून ने.”

“अगं हो. दोनदा काय सांगतेस!”

रविवारी दुपारी सीमचा ताप उतरला, तशी ती त्याला शालीत गुंडाळून फेरी संपते तिथे गेली. मोठ्या पातेल्यात वाटाण्याचं सूप होतं, लोक वाट्या धरून उभे होते आणि सगळ्यांच्या पोटऱ्यांना चिखल, गवत. डांबरी रस्त्यावर गवत कुठून आलं?

“अगं, ते कुरण!” एक बाई म्हणाली. “काठ्यांच्या मधून, मधून! काय मजा आली!”

रूलीने लुबर्टला गाठलं.

“डांबरावर कसलं माऊंटन बायकिंग?” तो म्हणाला. “फाटकाशी बघायला गेलो, तर आत तूच काठ्या रोवलेल्या. दोन-दोन, ओळीनं, मध्ये वाट सोडून. म्हटलं, बाई राजी झाल्या वाटतं.”

“त्या घरट्यांच्या काठ्या आहेत, लुबर्ट. दोन काठ्यांच्या मध्ये घरटं असतं.”

लुबर्टने सूप ढवळलं. “मग तसं लिहायचं ना त्यांच्यावर.”

नऊ घरटी होती. एकशे चाळीस सायकली.

मंगळवारी लुबर्ट तिच्या घरी आला. तिचा नवरा वेसेल बटाटे सोलत होता, सीम तिच्या मांडीवर पीत होता, आणि लुबर्ट खिडकीकडे बघत बोलत होता.

“क्लबाची चूक म्हटली की म्हातारी फाटक कायमचं बंद करील. पण तुझ्यावर जीव आहे तिचा. तू सांग, शनिवारी येऊन तूच काठ्या हलवल्यास, वाट दाखवायला. बाळ आजारी, झोप नाही, घरटी विसरलीस. कोण रागावेल तुझ्यावर?”

“पण मी हलवल्या नाहीत.”

“वाट हवी का नको?”

तिने वेसेलकडे पाहिलं. तो बटाट्यातला डोळा सुरीने काढत म्हणाला, “एवढ्याशा शब्दानं वाट वाचत असेल तर, रूली…”

सीमने पिता पिता तिचं बोट धरलं. तिला त्या बायका आठवल्या, चिखलाने ओरडणाऱ्या. कुरण गेलं तर त्या पुन्हा आपापल्या घरात जाऊन बसतील, हे तिला ठाऊक होतं.

बुधवारी ती गेली. मेन्सिंकबाईंनी कॉफी ओतली. डबा पुढे केला नाही. चेहरा ओढलेला होता.

“तुम्हाला सांगायचं होतं,” रूली म्हणाली, आणि पुढचं एका दमात म्हणून टाकलं, पाठ केल्यासारखं. “काठ्या मी हलवल्या. शनिवारी. बाळाचं आजारपण, डोकं ठिकाणावर नव्हतं.”

“शनिवारी कधी?”

“दुपारी.”

मेन्सिंकबाईंनी कॉफीची किटली खाली ठेवली. मग म्हणाल्या, “शनिवारी दुपारी कुरणात मी होते. पुतण्या यंदा नदीला आडवं गवत कापणार, म्हणून एकूण एक काठी मीच उपटून फिरवली. ओळीनं रोवल्यावर लांबून वाटेसारखं दिसेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. फाटकाला कुलूपही घातलं नाही मी. रविवारपासून घास उतरत नाही मला. तू आलीस की सांगणार होते, पोरी, चूक माझी. वाट राहू दे म्हणणार होते.”

रूलीचे कान तापले. “लुबर्ट म्हणाला की असं…”

“तो म्हणाला असेल. बोललीस तू.” त्यांनी कपाची कड बोटाने पुसली. “आपल्यात कागद नाही, रूली. होता तो तुझा शब्द. आता दरवर्षी तू काही सांगशील, आणि मी मनात चाचपत बसणार, खरं की काय. नाही व्हायचं माझ्याच्यानं. वाटेचे खांब काढून ने.”

कॉफी तशीच राहिली.

लुबर्टला तिने सगळं सांगितलं. तो “अरेरे” म्हणाला. पण आठवड्याच्या शेवटी क्लबाच्या पत्रकात आलं ते असं, की आपल्या एका सदस्येने काठ्या हलवल्याचं स्वतः कबूल केलं असून क्लबाला खेद आहे. ते पत्रक उरलेल्या सहाही स्वयंपाकघरांत वाचलं गेलं. दोघांनी निरोप धाडला, आमच्याकडचेही खांब काढा. बेकरीत पाव घेताना मागून कुणीतरी म्हणालं, “हीच ती, टिटवीवाली.” रूली वळली नाही. वळून काय सांगणार होती? कबूल तर तिनेच केलं होतं.

शनिवारी सकाळी ती फेनाला घेऊन मेन्सिंकबाईंच्या फाटकाशी गेली. वाट दाखवणारे छोटे लाकडी खांब, प्रत्येकावरची बाणाची पाटी चार स्क्रूंनी बसवलेली. ती स्क्रू काढायची आणि फेना ते ओंजळीत धरायची.

“आई, परत कधी लावायचे?”

“नाही लावायचे, सोन्या.”

“का?”

रूलीने खांब हलवून हलवून मातीतून उपटला. त्या खड्ड्यात लगेच पाणी भरायला लागलं. नदी जवळ होती.

घराच्या खिडकीत मेन्सिंकबाई उभ्या होत्या. फेनाने दोन्ही मुठी स्क्रूंसकट वर करून हलवल्या. खिडकीतून हात हलला. रूलीचाही हात उठला, अर्ध्यावर आला, आणि तिला कळलं की त्या फक्त फेनाकडे बघतायत.