गाडी थांबवायची नाही

गाडीत चार वास होते आणि चारही एकमेकांत मिसळले होते. ठकीने सकाळी माझ्या खांद्यावर ओकलेलं दूध, सीटच्या पट्ट्यात चेंगरलेलं केळं, पायाशी पिशवीत पडलेली न धुतलेली बाटली, आणि वर कडी म्हणजे पुढच्या आरशाला लटकवलेला लिंबाच्या वासाचा पुठ्ठ्याचा मासा. मासा माझ्या मुलाने खास आणलेला, बाकीचे वास मारायला. नासक्या दुधात लिंबू पिळल्यावर दुर्गंधी कमी होत नाही, हे त्याला कुणीतरी शाळेत शिकवायला हवं होतं.

काचा बंद होत्या. उघडल्या की वारा लागतो, वारा लागला की ठकी उठते.

मुलगा गाडी चालवत होता. मागे मधोमध ठकीची खुर्ची, एका अंगाला सून आणि दुसऱ्या अंगाला मी. ठकी माझी नात, सात महिन्यांची. ही सहल खरं तर सुनेची. ठकी झाल्यापासून ती पोर एकटी न्हाणीघरातसुद्धा गेली नव्हती. दार किलकिलं ठेवून, अर्धा कान बाहेर ठेवून अंघोळ उरकायची. वाढदिवसाला काय हवं, असं मुलाने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "समुद्रात पाय घालून उभं राहायचंय. एकटीला. कुणी हाक मारायची नाही." मागून मागितलं काय, तर घोटाभर पाणी! म्हणून हा किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारा रस्ता धरला होता.

दुसऱ्या दिवसाची दुपार कलली तरी तिच्या पायाला थेंब लागला नव्हता.

कारण नियम. गाडी चालू असली की ठकी झोपते, थांबली की उठते, उठली की भोकाड पसरते. म्हणून ठकी झोपली की गाडी थांबवायची नाही, असा कायदा माझ्या चिरंजीवांनी काढला होता. सिग्नलला ते गाडी वीतभर पुढे, वीतभर मागे असं डुलवत ठेवायचे. मागचा ट्रकवाला आईबहिणीवरून शिव्या देत होता, पण झोप मोडली नाही. मी पाण्याच्या बाटल्या घ्यायला उतरले तेव्हा तर हे महाशय चौकाला प्रदक्षिणा घालत राहिले. मी बाटल्या कवटाळून रस्त्याकडेला उभी आणि लेक दर फेरीला हात हलवून पुढे. शेवटी चालत्या गाडीत चढले, या वयात.

आणि समुद्र? समुद्र डावीकडे होता. पांढरी वाळू आली, गेली. नारळाच्या रांगेखालचा एक छोटा किनारा आला, तिथे माणूस नव्हता. सून सरळ होऊन बसली.

"इथे?"

"आत्ताच डोळा लागलाय तिचा. पुढचा याच्यापेक्षा छान आहे, मी बघून ठेवलाय."

सून परत मागे टेकली. काचेला बोट लावून ती जाणारा समुद्र बघत राहिली. मला त्या बोटाकडे बघवेना.

मग पाचवा वास आला.

तो कशाचा, हे सांगायला नको. बालवाडीत जन्म गेलेल्या बाईला तो दाराबाहेरून कळतो. सुनेने ठकीच्या पाठीमागे हात घातला आणि तसाच बाहेर काढला. बोटं पिवळी झाली होती.

"पाठीवर आलीय. मानेपर्यंत."

मुलाने सदऱ्याची कॉलर ओढून नाकावर घेतली. "शी! काय हे! पण झोपलीय ना अजून?"

"झोपलीय."

"मग राहू दे. पुढे पेट्रोल पंप आहे. अर्धाएक तास."

"अरे, तिचं अंग आधीच लाल झालंय."

"अगं, झोपेत कुठे कळतंय तिला? आई, सांग हिला."

मला किळस आली. शीची नव्हे. मी हजार पोरं धुतली असतील, पोराच्या शीची किळस मला कधीच वाटली नाही. समोरच्या त्या मानेची किळस आली, छान कापलेल्या केसांची, कॉलर नाकावर घेऊन 'तिला कुठे कळतंय' म्हणणारी. माझ्याच पोटचं ते.

"गाडी बाजूला घे," मी म्हटलं.

"आई, उठेल ती—"

"बाजूला."

हा आवाज मी घरात वापरत नाही. तो वर्गातला आहे. त्याने गाडी बाजूला घेतली.

कठड्याखाली खडक होते, एक पायवाट आणि खाली वाळूचा तुकडा. गाडी थांबताच ठकी उठली आणि नियमाप्रमाणे किंचाळली. सून सवयीने पुसायच्या ओल्या कागदांकडे वळली. मी तिच्या हातातून पाकीट काढून घेतलं.

"हात पूस आणि जा."

"कुठे?"

"खाली. पाण्यात."

"पण आई, ठकी..."

"ठकीला बाप आहे."

ती मुलाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. मग चप्पल गाडीतच टाकून ती निघाली, आधी हळू आणि मग जवळजवळ पळत.

"आई, तूच कर ना," मुलगा म्हणाला. "तुला सवय आहे. मला खरंच मळमळतं गं."

"मळमळू दे. ओकारी आली तर तिकडे तोंड कर आणि परत ये."

मी हात पाठीमागे बांधले. लहान मुलाला काही शिकवायचं असेल तर आपले हात बांधून ठेवावे लागतात, नाहीतर ते मध्येच पुढे होतात आणि काम आपणच करून टाकतो. मागच्या सीटवर टॉवेल अंथरायला लावला. एका हातात दोन्ही घोटे, बोट मध्ये. पुढून मागे पुसायचं, मागून पुढे कधीही नाही. कागद बदल. अरे, तोच कागद उलटा नको करूस! ठकीने एक पाय सोडवून घेतला, टाच नेमकी घाणीत बुडवली आणि बापाच्या छातीवर ठेवली. त्याने तिकडे तोंड केलं. परत आला. डोळ्यांत पाणी होतं.

"घड्या उघड. मांडीतल्या."

त्याने उघडल्या आणि त्याचा हात थांबला. आतली कातडी सोललेल्या डाळिंबासारखी झाली होती.

"हे कधी झालं?"

"कालपासून. तू छान किनारे शोधत होतास."

त्याने पुसणं सोडलं आणि बाटलीतलं पाणी ओंजळीने सोडू लागला, हलक्या हाताने. हे मी सांगितलं नव्हतं. ठकी हुंदके देत गप्प झाली. नवा डायपर नीट जमला नाही, एका बाजूने पार ढुंगण उघडं राहिलं होतं, पण मी हात सोडले नाहीत.

मला वाटलं, चला, पोरगं पास झालं. तेवढ्यात त्याने तो भरलेला डायपर गुंडाळला, कठड्याकडे गेला आणि फेकून दिला.

खाली बघितलं तर खडकांच्या फटींत आणखी पडले होते. फुगलेले, फुटलेले, आतला गर बाहेर आलेले, त्यावर माशा. कागदी ताटल्या, बाटल्या. सगळ्यांची पोरं स्वच्छ झाली होती.

"काय केलंस?"

"सगळेच टाकतात, आई. बघ ना."

"बघितलं. आण."

"काय?"

"तुझा तुझा आण. दुसऱ्यांचे आण म्हणत नाही."

"आई, मी काय चार वर्षांचा आहे?"

"चार वर्षांचं पोर पहिल्यांदा सांगितल्यावर गेलं असतं."

मी ठकीला कडेवर घेतलं आणि पिशवी त्याच्या हातात दिली. तो खडकांवरून उतरला, एका हाताने नाक दाबून. बोचा टेकत, घसरत. आपला कुठला ते शोधायला त्याला वाकून वाकून बघावं लागलं, आणि त्याचे ओकारीचे आवाज वर ऐकू येत होते. मला त्याची दया आली नाही. शेवटी आपला डायपर पिशवीत टाकून तो पाण्याकडे निघाला.

सून पाण्यात घोटाभर उभी होती. आवाज ऐकून तिने मागे पाहिलं. नवरा आपल्याकडेच येतोय असं बघून तिचे खांदे पडले. आपली वेळ संपली, असं समजून ती कपडे सावरून बाहेर निघाली.

मी वरून ओरडणार, इतक्यात मुलाने पिशवीचा हात उंच केला. "तू थांब! मी नुसता हात धुवायला आलोय. ठकी आईपाशी आहे."

ती थांबली. त्याच्या हातातली पिशवी, छातीवरचा टाचेचा पिवळा ठसा, सगळं तिने निरखून पाहिलं. तो तिच्या शेजारच्या पाण्याकडे वळला तशी तिने नाकाला हात लावला. वारा वर येत होता, म्हणून मला शब्दन् शब्द कळला.

"इथे नाही. तिकडे लांब जा. इथे मी उभी आहे."

तो मुकाट्याने पिशवी अंगापासून दूर धरून वाळूच्या पार टोकाला चालत गेला. तिने त्याच्याकडे आणि आमच्याकडे पाठ केली, आणि आणखी दोन पावलं आत गेली.