उत्तर देणाऱ्यांची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी खुर्ची आहे. नागपुरात धरमपेठेतल्या एका शाळेत, मुख्याध्यापिकांच्या टेबलासमोर माझी जागा आहे. गिरिधर सुताराने मला घडवले आणि माझी वेताची बैठकही स्वतःच विणली. नोकरीसाठी आलेला प्रत्येक शिक्षक आधी माझ्यावर बसतो. मुलाखत घेणाऱ्याला इंग्रजीत इंटरव्ह्यूअर म्हणतात, आणि ज्याची मुलाखत घेतात त्याला इंटरव्ह्यूई. मी या दुसऱ्यांची खुर्ची आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे. किती घामेजल्या हातांना माझ्या हातांनी आधार दिला!

मध्यंतरी माझा वेत फाटला. मला जिन्याखाली टाकून माझ्या जागी प्लास्टिकची खुर्ची आणली. ती ऐन मुलाखतींच्या दिवशी मोडली, तेव्हा धूळ पुसून, वर उशी ठेवून मला परत बोलावले.

त्या दिवशी पारशिवनीजवळच्या खेड्यातली दामिनी आली. तिला इंग्रजीची शिक्षिका व्हायचे होते. तिच्या घरात इतके शिकलेली ती पहिलीच. बोलता बोलता तिच्या तोंडून गावच्या बोलीतले ‘मले वाटते’ निघून गेले. टेबलापलीकडे मुलाखत घ्यायला बसलेले जितेंद्र सर हसले आणि ती अडखळली. तिने माझा हात घट्ट धरला. आता ही उठून जाणार, असे मला वाटले.

मुख्याध्यापिका भावनाबाई थोडा वेळ थांबल्या. मग त्यांनी विचारले, पाचवीच्या मुलांना ट्रेनर आणि ट्रेनी यांतला फरक कसा सांगाल? तुमच्याच बोलीत सांगा.

“शेवटी ‘अर’ आला, तर तो करणारा,” दामिनी म्हणाली. “शेवटी ‘ई’ आला, तर दुसरं कोणी त्याच्यासाठी करून राहिलं. ट्रेनर शिकवते, ट्रेनीले शिकवलं जाते.” ती जरा पुढे सरकून बसली. “पण मॅडम, मी पोराईले आणखी एक सांगीन. आपण मराठीत शिकवणारा म्हणतो, तसा शिकणाराही म्हणतो. ट्रेनी नुसता बसून नाही राहत. त्यालेही काम करावं लागते.”

जितेंद्र सरांनी हसल्याबद्दल तिची माफी मागितली. नोकरी दामिनीला मिळाली, आणि रुजू झाल्यावर तिने आग्रह धरून माझी बैठक नव्याने विणून घेतली.

मित्रांनो, खुर्चीवर झुलू नका. तिचा वेत सुटला, तर वेळीच विणून घ्या. आणि समोर बसलेले माणूस अडखळले, तर जरा थांबा. ते उत्तर शोधत असते.