छत्रीला वारा

टकळीला टकळी हे नाव तिच्या ताईनं ठेवलं आणि ते इतकं चपखल बसलं, की हजेरीपटावरचं नाव फक्त हजेरीपुरतंच उरलं. टकळी दात घासताना फेसातून बोलायची, गणितं सोडवताना आकड्यांशी बोलायची, आणि कुणीच सापडलं नाही तर बुटांच्या नाड्यांशी वाद घालायची. घरात मुळात तिघीच. बोलायचं काम टकळीचं, ऐकायचं काम ताईचं आणि दोघींना गप्प करायचं काम आईचं, अशी वर्षानुवर्षांची वाटणी होती.

मग ताईला नोकरी लागली. समुद्रातल्या जिवांचा अभ्यास करणाऱ्या एका केंद्रात, लांबच्या बेटावर. तिथे फोन लागायचा फक्त रविवारी, तोही लहर आली तर! ताई गेली आणि वाटणीच मोडली. कारण आईला आता कुणाला गप्प करायचीही गरज वाटेना. ती एका कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी फोनवर ऐकायची. "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत" हे वाक्य दिवसातून साठ वेळा म्हणून संध्याकाळी घरी आली, की तिच्याकडे शब्दच शिल्लक नसायचे. चपला काढायची, सोफ्यावर टेकायची, डोळे मिटायची.

"आई, आज ना वर्गात—"

"थोडं थांब गं."

ते थोडं काही संपायचं नाही.

राहता राहिली ती टाकी. ताईची, खाऱ्या पाण्याची, बाहेरच्या खोलीतली सगळ्यात मोठी वस्तू. तीत एक मासा होता, तो फक्त जेवायला बाहेर यायचा आणि उरलेला वेळ कपारीतून जगाकडे नापसंतीनं बघायचा, म्हणून तो हेडमास्तर. आणि मधल्या दगडावर होती छत्री. छत्री म्हणजे मऊ जातीचं प्रवाळ, हाडाशिवायचं. फिकट बदामी रंगाचा जाड देठ, वर पसरट टोपी आणि टोपीभर शेकडो इवली बोंडं. ती उमलली की सगळी छत्री पाण्यात सळसळायची. ताईनं अंगठ्याएवढा तुकडा आणला होता, त्याची तिनं ताटलीएवढी छत्री केली होती.

"मी सुट्टीत येईन ना," जाताना ताई म्हणाली होती, "तेव्हा आधी तिला भेटणार, मग तुला. उघडी दिसली पाहिजे मला!"

"आणि मी मिटलेली असले तर?"

"तू? तू आणि मिटलेली? सूर्य पश्चिमेला उगवेल."

तर अशी ती छत्री, आणि तिला जखम केली टकळीनं.

झालं असं, की टकळी यंदा पहिल्यांदा वक्तृत्व स्पर्धेत उतरली होती. विषय होता 'मोबाइलमुळे माणसं जवळ आली.' ऐकायला कुणी नाही, म्हणून ती टाकीपुढे सराव करायची आणि हाताला काम हवं म्हणून काचही घासायची. काच घासायचं चुंबक दोन भागांचं असतं. एक बाहेर आपल्या हातात, दुसरं आत पाण्यात, त्याला पातं. बाहेरचं सरकवलं की आतलं मागोमाग येतं. तिसऱ्या मुद्द्याला टकळीला असं स्फुरण चढलं, की "मित्रहो!" म्हणत तिनं हात वर फेकला. बाहेरचं चुंबक हाताबरोबर वर गेलं. आतलं गेलं खाली, थेट छत्रीवर. ते पटकन ओढून घ्यावं म्हणून तिनं बाहेरून काचेला चुंबक लावलं, आणि पातं छत्रीची कड फाडत वर आलं.

अर्ध्या तळहाताएवढा तुकडा एका धाग्यावर लोंबत होता. सगळी बोंडं एका क्षणात आत गेली. टकळीनं फोनवर फोटो काढला आणि तशीच पळत सुटली.

माशांच्या टाक्यांच्या दुकानातल्या काकांनी फोनवरचा फोटो दोनदा मोठा करून पाहिला. "केस कापायला गेलीस आणि कान कापून आलीस."

"काका, वाचेल का?"

"ही जात चिवट असते. नीट ऐक. बोलू नकोस, ऐक. लोंबतंय ते धारदार पात्यानं साफ काप. टाकीचंच पाणी बादलीत घे, हे आयोडीन थेंब मोजून टाक, दहा मिनिटं अंघोळ घाल. कापलेला तुकडा फेकू नकोस. वाटीत दगडाचा चुरा, त्यावर तुकडा, वर जाळी बांध. चिकटला तर चिकटला. मग थोडं पाणी बदल. आणि शेवटी सगळ्यात अवघड औषध."

"कुठलं?"

"हात खिशात."

"म्हणजे?"

"म्हणजे काही करायचं नाही. आणि हो, सडका वास आला तर लगेच बाहेर काढ. नाहीतर सगळी टाकी जाईल."

टकळीनं सगळं केलं. पातं उकळून घेतलं, थेंब मोजले, घड्याळ लावून बसली. पण हात काही खिशात राहीनात. छत्रीसमोर पाणी ढकलणारा एक छोटा पंप होता. ताई त्याला 'वारा' म्हणायची. त्याच्या झोतात ती फाटकी छत्री थरथरताना बघून टकळीचा जीव कळवळला. आजारी माणसाला वारा लागू देऊ नये, हे तर आईनं प्रत्येक तापात घोकून घेतलेलं! तिनं वाऱ्याचं बटण बंद केलं. वर छत्रीला म्हणाली, "पड आता निवांत."

रविवारी ताईचा फोन आला. मागे बेटावरच्या वाऱ्याचा घोंघाट.

"छत्री कशी आहे गं?"

"मस्त! एकदम... मस्त."

"आणि तू?"

"मीपण मस्त."

एवढंच. टकळी आणि दोन शब्दांत उत्तर! चोराच्या मनात चांदणं. ताईला संशय येणार म्हणून ती श्वास रोखून बसली. पण ताईनंही जास्त विचारलं नाही. "ठेवते हं," म्हणाली. टकळीला सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच कुणीतरी टाकून गेल्यासारखंही.

पाचव्या दिवशी छत्रीवर मेणासारखा चकचकीत पापुद्रा आला. सातव्या दिवशी त्यावर तपकिरी बुळबुळीत थर बसला. टकळी शाळेतून आली की दप्तरासकट टाकीपुढे बसायची. भाषण तर बंदच पडलं होतं. आईचं वाक्य तिच्या तोंडून एकदा आपोआप गेलं, "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत." हेडमास्तरनं कपारीतून पाहिलं आणि पाठ फिरवली.

नवव्या दिवशी तिला वास आला. की आल्यासारखा वाटला? ठरवता येईना. तिनं बादली आणली, बाही खांद्यापर्यंत वर केली, आणि हात पाण्यात घालून छत्रीचा देठ धरला. गार, मऊ. एक हिसका आणि संपलं. तिला हिसका देववेना.

तेवढ्यात दार वाजलं. आई आली, चपला काढल्या. सोफ्याकडे मात्र गेली नाही.

"हा वारा का बंद आहे?"

टकळीनं हात तसाच पाण्यात ठेवून मान वळवली. "तुला कसं कळलं?"

"नऊ दिवस झाले, ती घरघर ऐकू येत नाही. घर कसं बहिरं झालंय. मला वाटलं, माझेच कान गेले."

"तिला बरं नाही ना, म्हणून बंद केला. वारा लागू नये म्हणून."

आईनं तिच्याकडे पाहिलं, छत्रीकडे पाहिलं. दिवसभराच्या साठ दिलगिऱ्यांनंतर पहिल्यांदा तिच्या ओठांचा कोपरा हलला. "अगं वेडे, ती काय तापानं फणफणलेलं माणूस आहे? ती कात टाकते. वारा लागल्याशिवाय ती कात निघत नाही. ताईनं सांगितलं होतं, तुझ्यासमोर."

"मला कसं नाही आठवत?"

"तू तेव्हा बोलत होतीस."

टकळीनं देठ सोडला आणि हात पाण्यातून बाहेर काढला.

आईनं बटण दाबलं. घरघर सुरू झाली. आधी काहीच नाही. मग पापुद्र्याची एक कड सुटली, फडफडली, आणि जुन्या भिंतीच्या रंगासारखे पोपडे निघून पाण्यात तरंगू लागले. टकळी जाळीनं ते वेचत राहिली. आई शेजारी उभी होती, पर्सही खांद्यावरच.

"आई, मी रोज बोलते ते तुला ऐकू येतं?"

"तोंड थकतं गं. कान कुठे थकतात?" आई म्हणाली. "तिसऱ्या मुद्द्याला तू फार घाई करतेस."

रविवारपर्यंत जखम पांढुरकी होऊन मिटत आली. वाटीतला तुकडा दगडाला चिकटला होता. पण छत्री अजून उघडली नव्हती. तरी टकळीनं ठरवलं होतं.

"ताई, छत्री मिटली."

"काय? मेली?"

"मिटली गं! मि-ट-ली!" मग ती एका दमात सगळं बोलली. चुंबक, मित्रहो, आयोडीन, वारा, आणि "मस्त" हे खोटं होतं तेही. आणि मग ती थांबली. चक्क थांबली, ऐकायला.

पलीकडे नुसता घोंघाट. मग ताई म्हणाली, "मीपण खोटं बोलले टकळे. मी सुट्टीत येत नाहीये. काम वाढलंय, वर्षभर तरी. दोन रविवार झाले, सांगायला तोंडच उघडत नव्हतं."

टकळीनं फोन कानाला आणखी घट्ट लावला.

"तो तुकडा चिकटलाय ना? तो तुझा. आणि हे बघ—" फोन तुटला. परत लावला, लागला नाही. परत, परत.

मोबाइलमुळे माणसं जवळ आली. टकळी हातातल्या काळ्या पडद्याकडे बघत बसली. आता छत्री उघडी दाखवायची कुणाला?

संध्याकाळी ती टाकीपुढे गेली. घरघर चालू होती. छत्रीच्या अखंड बाजूला, अगदी कडेला, काहीतरी टोचून वर आलं होतं. एक बोंड. शेजारी आणखी एक. तिनं मोजली. अकरा. ताटलीएवढ्या छत्रीवर फक्त अकरा, बाकी सगळं बोडकं. ती कुणाला हाक मारणार होती, पण हाक ताईच्याच नावानं निघाली असती, म्हणून तिनं ओठ आवळले.

मागे सोफ्यावर आई डोळे मिटून बसली होती.

मग डोळे न उघडता आई म्हणाली, "तिसरा मुद्दा?"

टकळीनं घसा साफ केला. चुंबक खाली ठेवलं, दोन्ही हात खिशात घातले, आणि हळू, अजिबात घाई न करता, सुरुवात केली.